डॉलरला डॉलरची जोड : अमेरिकेतील गरीब कुटुंबांच्या ताटात फळे-भाज्या आणणारे अनुदान

पोट भरणे आणि पोषण होणे यांतील अंतर गरीब कुटुंबाच्या किराणाखर्चात सर्वांत स्पष्ट दिसते, कारण मैदा, साखर, तेल आणि त्यांपासून बनवलेले पाकीटबंद पदार्थ थोड्या पैशांत भरपूर उष्मांक देतात, तर ज्यांतून जीवनसत्त्वे, खनिजे आणि तंतुमय घटक मिळतात ती फळे आणि भाज्या तेवढ्याच पैशांत मूठभर येतात आणि त्याही दोन दिवसांत कोमेजतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील पोषणशास्त्रज्ञ अ‍ॅडम ड्रेव्हनोव्स्की यांनी अन्नाची किंमत वजनाऐवजी उष्मांकांच्या हिशेबाने मोजली, तेव्हा हे अंतर आकड्यांत उतरले : हातात पैसे कमी आणि घरात खाणारी तोंडे जास्त असतील, तर सर्वांचे पोट भरेल असा बाजारहाट करताना भाजीपालाच आधी कमी होतो, आणि तो कमी करणाऱ्या गृहिणीचा हिशेब अजिबात चुकलेला नसतो. गरिबांना चांगले-वाईट अन्न कळत नाही, म्हणून त्यांना शिकवले पाहिजे, ही जुनी समजूत या अभ्यासांनी बरीच मागे पडली. तिच्या जागी आलेला विचार असा, की भाजीचे महत्त्व बहुतेकांना ठाऊक असते, परवडत नाही हीच मुख्य अडचण असते, आणि म्हणून सार्वजनिक पैसा किमतीवर लावून पाहावा.

या विचारातून जी योजना उभी राहिली तिला प्रोत्साहनपर अनुदान म्हणता येईल. सरकारी अन्नसाहाय्य मिळणाऱ्या कुटुंबाने त्या साहाय्यातून फळे-भाज्या विकत घेतल्या, तर खर्चाइतकी किंवा खर्चाच्या काही हिश्श्याइतकी रक्कम त्याला वरून दिली जाते. काय घ्यावे, कोणती भाजी घ्यावी, ती कशी शिजवावी, हे सर्व कुटुंबावरच सोपवलेले असते. हा प्रयोग सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत बारकाईने मोजून झाला तो अमेरिकेत, आणि त्याचे यश आणि अपुरेपण दोन्ही समजून घ्यायचे तर आधी त्या देशातील अन्नसाहाय्याची रचना पाहावी लागते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये त्या देशातील १३.५ टक्के कुटुंबे, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख घरे, अन्न-असुरक्षित होती. अन्न-असुरक्षित म्हणजे वर्षात कधी ना कधी सर्वांना पुरेल इतके अन्न आणण्यासाठी ज्यांच्याजवळ पैसे नव्हते अशी घरे. त्यांच्यासाठीची मुख्य योजना म्हणजे पूरक पोषण साहाय्य कार्यक्रम, जो इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्नॅप’ या नावाने ओळखला जातो. सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे त्यात बसतात, आणि कुटुंबाने आपल्या निव्वळ उत्पन्नाचा ३० टक्के भाग अन्नावर स्वतः खर्च करावा असे गृहीत धरून उरलेली तूट सरकार भरून काढते. २०२४ च्या वित्तीय वर्षात दरमहा सरासरी ४ कोटी १७ लाख लोकांना हे साहाय्य मिळाले आणि माणशी महिन्याला सरासरी १८७ डॉलर, म्हणजे दिवसाला सुमारे ६ डॉलर, त्यांच्या वाट्याला आले. ही रक्कम बँकेच्या कार्डासारख्या दिसणाऱ्या ‘ईबीटी’ कार्डावर दरमहा जमा होते आणि देशभरातील अडीच लाखांहून अधिक मान्यताप्राप्त दुकानांत वापरता येते. तिच्यातून दारू, तंबाखू, जीवनसत्त्वांच्या गोळ्या किंवा गरम तयार जेवण घेता येत नाही, पण परसात लावायचे बियाणे आणि रोपे मात्र घेता येतात. साहाय्याची कमाल मर्यादा काटकसरीच्या एका नमुना-आहाराच्या खर्चावरून ठरते. २०२१ मध्ये हा नमुना आजच्या आहारसूत्रांनुसार नव्याने मांडला गेला आणि साहाय्य २१ टक्क्यांनी वाढले. आधीची रक्कम पौष्टिक आहारासाठी किती तोकडी होती, हे या एका दुरुस्तीवरून लक्षात यावे.

स्नॅपचा उगम शेतमालाच्या संकटात आहे. १९३९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात अन्नकुपनांची पहिली योजना सुरू झाली, तेव्हा एकीकडे मंदीने बेकार झालेली कुटुंबे होती आणि दुसरीकडे गिऱ्हाईक नसल्याने पडून राहिलेला शेतमाल होता. साहाय्य घेणारे कुटुंब आपल्या नेहमीच्या अन्नखर्चाइतकी नारिंगी कुपने रोख पैसे देऊन विकत घेई, आणि नारिंगी कुपनांच्या प्रत्येक डॉलरमागे त्याला ५० सेंटची निळी कुपने फुकट मिळत. नारिंगी कुपनावर कोणतेही अन्न घेता येई. निळ्या कुपनावर मात्र कृषी खात्याने अतिरिक्त म्हणून जाहीर केलेला माल, म्हणजे अंडी, लोणी, कडधान्ये यांसारख्या वस्तूच मिळत. विशिष्ट अन्नाकडे खरेदी वळावी म्हणून वरून काही देण्याची कल्पना अशा रीतीने या साहाय्याच्या जन्मापासूनच त्यात होती. युद्धकाळात १९४३ मध्ये ती योजना बंद झाली, १९६१ मध्ये केनेडी यांच्या कारकिर्दीत प्रायोगिक स्वरूपात पुन्हा उभी राहिली आणि १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने कायम कायदा झाली. कुपने मिळवण्यासाठी आधी रोख भरण्याची अट अत्यंत गरिबांनाच बाहेर ठेवत होती. ती १९७७ च्या कायद्याने गेली. अन्नसाहाय्य आणि शेतीला द्यायची मदत अमेरिकेत आजही एकाच शेती विधेयकात मांडली जाते, आणि शहरी व ग्रामीण प्रतिनिधींनी परस्परांना मते द्यावीत यासाठी झालेल्या या जोडणीमुळेच पुढे भाजीपाल्याच्या अनुदानालाही वाट मिळाली.

दिवसाला ६ डॉलरमध्ये भाजी बसत नाही, एवढे म्हटल्याने प्रश्न पुरता उलगडत नाही, कारण गोठवलेला वाटाणा, डब्यातील टोमॅटो, गाजर, कोबी अशा काही वस्तू अमेरिकेतही स्वस्त मिळतात. समाजशास्त्रज्ञ केटलिन डॅनियल यांनी बोस्टन परिसरातील पालकांच्या मुलाखतींवर आधारलेला जो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या कोड्याचे एक मार्मिक उत्तर आहे. लहान मूल नवी भाजी पहिल्या घासाला क्वचितच स्वीकारते. आठ-दहा, कधी पंधरा वेळा पुढे केल्यावर ती चव त्याच्या ओळखीची होते, हे बालपोषणातील सर्वमान्य निरीक्षण आहे. सुस्थितीतील आई ती भाजी पुन्हा पुन्हा वाढते आणि टाकून दिलेला वाटा सहज सोसते. गरीब आईला मात्र ताटात उरलेल्या प्रत्येक वाट्याबरोबर पैसा वाया गेलेला दिसतो आणि मूल उपाशी राहिल्याने दुसरे काही करून घालावे लागते तो खर्च वेगळाच. म्हणून मूल नक्की खाईल असेच, म्हणजे बहुधा गोड, खारट किंवा तळलेले अन्न ती विकत आणते. भाजीची छापील किंमत आणि तिची खरी किंमत यांत अशी तफावत पडते, आणि ती कोणत्याही भावफलकावर लिहिलेली नसते. मुलाची आवड घडण्याच्या वयात हा धोका पत्करण्याची ऐपत नसेल, तर नावडीचे ओझे ते मूल मोठेपणीही वाहते. अनुदानाचा सर्वांत मोलाचा उपयोग येथे आहे : वरून मिळालेला डॉलर वाया गेला तरी घरच्या हिशेबाला धक्का लागत नाही, आणि म्हणून त्या डॉलरची पालकाची जुडी किंवा नासपती प्रयोग म्हणून घरी येऊ शकते.

यावर एक पर्यायी स्पष्टीकरण बराच काळ मान्यता पावले होते, ते म्हणजे गरीब वस्त्यांत ताजा भाजीपाला ठेवणारी दुकानेच नाहीत, म्हणून तेथे मोठी दुकाने आणावीत. दुकान दूर असणे ही गैरसोय खरीच, परंतु हंट ऑलकॉट, रिबेका डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात असे आढळले, की अशा वस्तीत नवे सुपरमार्केट उघडल्यावर लोक तेथे जाऊ लागतात, पण टोपलीतील वस्तू जवळपास त्याच राहतात; श्रीमंत आणि गरीब कुटुंबांच्या आहारातील फरकापैकी फार तर दहावा हिस्सा दुकानांच्या उपलब्धतेने समजावता येतो. त्यामुळे धोरणकर्त्यांचे लक्ष पुन्हा किमतीकडे वळले.

किमतीवर काम करण्याचा हा मार्ग रुळवण्यात ज्यांचा वाटा मोठा होता ते गस शूमाकर हे मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी कुटुंबात वाढलेले, पुढे त्या राज्याचे कृषी आयुक्त आणि नंतर केंद्रीय कृषी खात्यात उपसचिव झालेले गृहस्थ. १९८० च्या सुमारास बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागातील बाजारात नासपतीची एक पेटी फुटून फळे रस्त्याकडेच्या गटारात पडली आणि मुलांना घेऊन आलेली एक स्त्री ती उचलू लागली. अन्नकुपनांवर घर चालवताना ताजी फळे परवडत नाहीत, असे तिने सांगितले. हा प्रसंग शूमाकर पुढे अनेकदा सांगत असत. ते आयुक्त असताना १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने गरोदर व बाळंतीण स्त्रियांना शेतकरी बाजारात चालणारी कुपने दिली. ती कल्पना १९९२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, देशभरासाठी स्वीकारली. २००७ मध्ये त्यांनी शेफ मिशेल निशान यांच्यासह ‘होलसम वेव्ह’ ही संस्था उभी केली आणि स्नॅपधारकांनी शेतकरी बाजारात केलेल्या खरेदीला दुप्पट मोल द्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने त्याआधीच, २००५ पासून, शेतकरी बाजारात कार्डाने ५ डॉलर खर्च करणाऱ्यास २ डॉलरचे ‘हेल्थ बक्स’ कुपन देण्याची पद्धत सुरू केली होती. २००९ मध्ये ‘फेअर फूड नेटवर्क’ या संस्थेने डेट्रॉइटच्या पाच बाजारांत ‘डबल अप फूड बक्स’ आणले आणि एका डॉलरला एक डॉलर हे सूत्र पुढे अनेक राज्यांत पसरले.

या बाजारांतील व्यवहार जवळून पाहण्यासारखा आहे. कागदी कुपने जाऊन कार्डे आली तेव्हा, २००४ पर्यंत हे स्थित्यंतर सर्व राज्यांत पूर्ण झाले, एक अनपेक्षित अडचण उभी राहिली : मोकळ्या मैदानात तंबू ठोकून बसणाऱ्या शेतकऱ्याकडे कार्डयंत्राला लागणारी वीज नव्हती आणि दूरध्वनीची तारही नव्हती, त्यामुळे पूर्वी कागदी कुपन घेऊन भाजी देणारा तोच शेतकरी स्नॅपच्या गिऱ्हाइकाला मुकला. त्यावर निघालेला तोडगा साधा होता. बाजाराच्या तोंडाशी व्यवस्थापकाचे एक टेबल आणि त्यावर एकच यंत्र असते. ग्राहक तेथे कार्ड घासून समजा १० डॉलर वळते करतो आणि त्याला प्रत्येकी एक डॉलरचे दहा लाकडी बिल्ले मिळतात, शिवाय अनुदानाचे दहा वेगळ्या रंगाचे बिल्ले मिळतात. पहिल्या बिल्ल्यांवर स्नॅपमध्ये चालणारे कोणतेही अन्न, म्हणजे अंडी, पाव, मधही घेता येतो; दुसऱ्या रंगाच्या बिल्ल्यांवर फक्त फळे आणि भाज्या. बिल्ल्यावर सुटे परत मिळत नाहीत, म्हणून पावणेदोन डॉलरच्या मुळ्यांबरोबर पाव डॉलरची कोथिंबीर मागून हिशेब पुरा केला जातो. दिवस संपल्यावर शेतकरी बिल्ले मोजून देतो आणि त्याच्या खात्यात पैसे जमा होतात, म्हणजे गरीब कुटुंबासाठी खर्च झालेला सार्वजनिक पैसा जवळच्याच शेतात पोहोचतो. पण हे बिल्ले हातात घेऊन उभे असलेले गिऱ्हाईक साहाय्यावर जगणारे आहे, हे रांगेतल्या सर्वांना कळते, आणि पुष्कळ माणसे या एका संकोचापायी टेबलाकडे फिरकत नाहीत.

अनुदानाने खाणे खरोखर बदलते का, याची सर्वांत काटेकोर चाचणी मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पडेन कौंटीत झाली, ज्या कौंटीत स्प्रिंगफील्ड हे शहर येते. २००८ च्या शेती विधेयकाने त्यासाठी २ कोटी डॉलर ठेवले होते. कौंटीतील सुमारे ५५,००० स्नॅपधारक कुटुंबांतून ७,५०० कुटुंबे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने निवडली गेली, आणि नोव्हेंबर २०११ ते डिसेंबर २०१२ या काळात ठरावीक फळे-भाज्यांवर कार्डाने खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट त्यांच्या कार्डावर आपोआप परत जमा झाले. महिन्याची कमाल मर्यादा ६० डॉलर होती. ताज्या, गोठवलेल्या, डबाबंद, वाळवलेल्या अशा सर्व प्रकारच्या भाज्या-फळे यात होत्या, मात्र साखर, मीठ किंवा तेल मिसळलेली नसावीत अशी अट होती, आणि पांढरा बटाटा व फळांचा रस वगळलेला होता. यादृच्छिक निवडीचे महत्त्व असे, की एरवी अशा योजनेत स्वतःहून येणारी माणसे मुळातच भाजीची आवड असलेली असतात आणि सुधारणा योजनेची की आवडीची हे सांगता येत नाही. येथे ती शंका राहिली नाही. निष्कर्ष असा निघाला, की अनुदान मिळालेल्या प्रौढांनी ठरावीक फळे-भाज्या इतरांपेक्षा २६ टक्क्यांनी अधिक खाल्ल्या. ही वाढ दिवसाला जवळपास पाव कपाची होती. पाव कप ही राशी लहान वाटेल, पण ती एका कुटुंबाच्या नव्हे, संपूर्ण गटाच्या सरासरीची वाढ आहे, आणि तीही कोणाला उपदेश न करता, कोणती वस्तू हिरावून न घेता झालेली आहे. दुसरीकडे, सहभागी दुकानांत एका कुटुंबाने अनुदानपात्र वस्तूंवर कार्डातून केलेला खर्च महिन्याला सरासरी १२ डॉलरच्या आसपासच होता आणि त्यामुळे परत मिळालेली रक्कम साडेतीन डॉलरहून थोडीच अधिक होती. ६० डॉलरच्या मर्यादेच्या जवळपासही बहुतेक कुटुंबे गेली नाहीत, यावरून ३० टक्के सूट उपयोगी असली तरी मूळ साहाय्यच तुटपुंजे असताना भाजीसाठी मुळात किती पैसे शिल्लक राहतात, हेही समजते.

या चाचणीनंतर केंद्र सरकारने पैसे वाढवले. २०१४ च्या शेती विधेयकात पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलरची तरतूद झाली; २०१८ च्या विधेयकात ती २५ कोटींवर गेली, कायमस्वरूपी झाली आणि आदल्या वर्षी निधन पावलेल्या शूमाकर यांचे नाव तिला देण्यात आले. तरीही स्नॅपच्या वार्षिक खर्चाशी, जो २०२४ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या घरात होता, तुलना केली तर हे अनुदान शेकडा एक हिश्श्याच्याही फार खाली राहते. शिवाय ते स्नॅपसारखे हक्काचे नाही. स्नॅपमध्ये पात्र असलेल्या प्रत्येकाला साहाय्य मिळते. अनुदानासाठी मात्र एखादी संस्था किंवा शासकीय विभाग अर्ज करतो, स्पर्धेत निवडला गेल्यास काही वर्षांचा निधी मिळवतो आणि साधारणपणे तितकीच रक्कम स्वतः अन्य मार्गाने उभी करतो. त्यामुळे एका गावातील कुटुंबाला डॉलरला डॉलर मिळतो आणि शेजारच्या कौंटीतील तितक्याच गरीब कुटुंबाला काहीच मिळत नाही. ही विषमता या योजनेतील सर्वांत मोठा दोष मानावा लागतो.

दुसरा दोष जागेचा आहे. स्नॅपची बहुतांश रक्कम सुपरमार्केटांत आणि मोठ्या दुकानांत खर्च होते. शेतकरी बाजारांचा वाटा एक टक्क्याच्याही पुष्कळ खाली आहे, आणि आठवड्यातून एकदा, तेही बहुधा उन्हाळ्यातच भरणाऱ्या बाजाराला जाणे दोन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला जमत नाही. अनुदान नेहमीच्या दुकानाच्या गल्ल्यावर आपोआप मिळाले पाहिजे, हे हॅम्पडेनने दाखवले होते, पण त्यासाठी प्रत्येक दुकानाची संगणकप्रणाली राज्याच्या कार्डव्यवस्थेशी जोडावी लागते आणि ते काम खर्चिक आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये निवडक दुकानांत हे करून दाखवले : कार्डाने ताजी फळे-भाज्या घेतल्या, की महिन्याला ६० डॉलरपर्यंतची रक्कम त्याच क्षणी कार्डावर परत येई आणि ती कोणत्याही अन्नावर खर्च करता येई. लोकांनी योजना इतकी वापरली की ठेवलेला निधी मुदतीआधीच संपला आणि ती थांबवून नव्या तरतुदीची वाट पाहावी लागली. मॅसॅच्युसेट्सने २०१७ पासून शेतकऱ्यांकडून केलेल्या थेट खरेदीवर अशीच परतफेड सुरू केली, आणि तेथेही मागणी तरतुदीपुढे गेल्याने ती मधूनमधून थांबवावी किंवा कमी करावी लागली. आज आहे आणि पुढच्या महिन्यात नाही अशा अनुदानावर कोणतेही कुटुंब आपली खाण्याची सवय उभी करू शकत नाही, आणि मुलाला भाजी दहा-पंधरा वेळा वाढावी लागते हे लक्षात घेतले, तर अनुदानात खंड पडल्याने होणारे नुकसान बुडालेल्या रकमेहून अधिक ठरते.

सातत्य असेल तर काय होते, याचे उदाहरण गरोदर व स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीच्या ‘विक’ या योजनेत दिसते. तिच्यात २००९ पासून फळे-भाज्यांसाठी वेगळी रक्कम मिळते. मुलामागे महिन्याला जेमतेम ६ डॉलरपासून सुरू झालेली ही रक्कम २०२१ मध्ये २४ डॉलरवर गेली आणि २०२४ च्या नियमाने ही वाढीव पातळी कायम झाली. डॉक्टरांनी मधुमेही किंवा रक्तदाबाच्या गरीब रुग्णाला भाजीची चिठ्ठी लिहून द्यायची आणि ती दुकानात वटवायची, असाही प्रकार अलीकडे वाढला आहे. त्याच्या गुणाविषयी मात्र सबुरीने बोलावे लागते, कारण पेनसिल्व्हेनियातील गायसिंगर या रुग्णसेवा संस्थेच्या कार्यक्रमाची जी यादृच्छिक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत मोफत अन्न मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांची रक्तशर्करा जवळपास सारखीच उतरली.

प्रोत्साहनाऐवजी बंदी घालावी, हा आग्रह अमेरिकेत जुना आहे. स्नॅपमधून शीतपेये आणि गोळ्या-चॉकलेटे घेऊ देऊ नयेत, अशी परवानगी मिनेसोटाने २००४ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०१० मध्ये मागितली होती. कृषी खात्याने दोन्ही वेळा नकार दिला. २०२५ मध्ये खात्याने भूमिका बदलली आणि नेब्रास्कापासून सुरुवात करून अनेक राज्यांना अशी मुभा दिली. मिनेसोटातील २७९ प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत, भाजीवर ३० टक्के सूट आणि गोड पदार्थांवर मनाई या दोन्ही गोष्टी ज्या गटाला एकत्र लागू होत्या, त्याच्या आहाराचा दर्जा सर्वांत स्पष्टपणे सुधारला, ही वस्तुस्थिती बंदीला विरोध करणाऱ्यांनी मान्य करायला हवी. पण त्याच चाचणीतून हेही दिसते, की मनाईच्या जोडीला सूट होती. नुसती मनाई स्वस्त पडते आणि म्हणून सरकारांना आवडते, मात्र तिने भाजी एका सेंटनेही स्वस्त होत नाही. शिवाय गोड पेये गरीब पितात तशीच सुखवस्तू माणसेही पितात, आणि प्रौढ अमेरिकनांपैकी पुरेशा भाज्या खाणारे सगळे मिळून दहांत एकच आहेत. म्हणून गल्ल्यावर तपासणी फक्त गरिबांच्या टोपलीची व्हावी हे न्याय्य वाटत नाही. सिअ‍ॅटल शहराने गोड पेयांवर २०१८ पासून सर्वांसाठी कर बसवला आणि त्या उत्पन्नाचा काही भाग ‘फ्रेश बक्स’ या भाजीपाल्याच्या अनुदानाला दिला, हा मार्ग अधिक सरळ आहे.

मराठी वाचकाला ही सर्व चर्चा रेशनच्या दुकानाशी ताडून पाहता येईल, आणि तेथे मूळ फरक लगेच कळतो : अमेरिका क्रयशक्ती देते, भारत धान्यच देतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना एकूण ३५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने उपासमार रोखण्याचे मोठे काम केले. पण डाळ, भाजी, फळ, दूध बाजारभावानेच घ्यावे लागते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार २०२२ मध्ये ५५.६ टक्के भारतीयांना पौष्टिक आहार परवडत नव्हता. धान्यावरचा खर्च वाचला तर तो पैसा भाजीकडे वळेल ही अपेक्षा आपोआप पुरी होत नाही : २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा ४.९१ टक्के, तर पेये व तयार खाद्यपदार्थांचा ९.६२ टक्के आढळला. महाराष्ट्राच्या आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक पूर्ण जेवण आणि बालकांना अंडे किंवा केळे दिले जाते, तो याच प्रश्नावरचा आपला उपाय. त्यात निवडीला वाव कमी आहे, पण अन्न थेट तोंडापर्यंत पोहोचते आणि मुलाने ताटात टाकले तर त्याचा भुर्दंड आईवर पडत नाही. भाजी हातगाडीवर आणि आठवडी बाजारात विकली जाते, रेशनच्या दुकानात नव्हे, त्यामुळे अमेरिकी धर्तीचे अनुदान येथे आणायचे तर ते विक्रेत्याच्या मोबाइलमधील देयकव्यवस्थेतूनच आणावे लागेल, आणि त्यासाठी कोणते विक्रेते मान्य करावेत हा प्रश्न बिल्ल्यांच्या टेबलाहून कठीण आहे.

अमेरिकेत मात्र आता खालचा पायाच हलू लागला आहे. प्रोत्साहनपर अनुदान स्नॅपच्या डॉलरवर उभे असते. तो डॉलरच कार्डावर आला नाही तर जोड कशाला द्यायची हा प्रश्न उरतो, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारचे कामकाज ठप्प असताना लक्षावधी घरांनी तो प्रत्यक्ष अनुभवला. त्याच वर्षी ४ जुलैला मंजूर झालेल्या कायद्याने कामाची सक्ती ६४ वर्षांच्या वयापर्यंत वाढवली आणि स्नॅपधारकांना आहारविषयक शिक्षण देणारा कार्यक्रम बंद केला. स्नॅपचे साहाय्य आजवर संपूर्णपणे केंद्राच्या तिजोरीतून दिले जात असे. या कायद्यानुसार ऑक्टोबर २०२७ पासून, ज्या राज्यांत साहाय्याच्या रकमेतील चुकांचे प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून अधिक असेल त्यांना त्या खर्चाचा ५ ते १५ टक्के भाग स्वतः उचलावा लागणार आहे. भाजीवरची परतफेड स्वतःच्या अंदाजपत्रकातून चालवणाऱ्या कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनाही हा हिस्सा भरण्याची वेळ आली, तर तो त्याच तिजोरीतून काढावा लागेल.